पेढे आधीच आणले होते ('फेअर प्ले' बघितल्यावर)

हतनूर_गेट | शनिवार, रात्री ११:१०

सहा वर्षं नुसता वाचनमात्र होतो. पहिल्यांदाच धागा काढतोय, शुद्धलेखन सांभाळून घ्या.

गेल्या रविवारी आम्ही दोघांनी 'फेअर प्ले' लावला आणि बुधवारी संपवला. सिनेमा ११३ मिनिटांचाच आहे, पण मधले दोन दिवस घरात कोणी त्याचा विषय काढला नाही. का, ते खाली येईल.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी: न्यूयॉर्कमधली एक हेज फंड (श्रीमंतांचा पैसा बाजारात लावणारी) कंपनी. एमिली आणि ल्यूक दोघं तिथे अॅनालिस्ट. एकत्र राहतात, साखरपुड्याची अंगठीही झालीये, पण कंपनीच्या नियमात असलं प्रेमप्रकरण बसत नाही. म्हणून सकाळी एका घरातून वेगवेगळं निघायचं आणि ऑफिसात अनोळख्यासारखं वागायचं. एका पोर्टफोलिओ मॅनेजरची गच्छंती होते, खुर्ची रिकामी होते. ती ल्यूकला मिळणार अशी कुजबुज एमिलीच्या कानावर येते आणि तीच धावत त्याला सांगते. रात्री आनंदीआनंद. मग अपरात्री मोठ्या साहेबाचा फोन येतो, तिला बारमध्ये बोलावतो आणि खुर्ची तिला देतो. दुसऱ्या दिवसापासून ल्यूक तिच्या हाताखाली.

२०२३ च्या जानेवारीत सनडान्स महोत्सवात दाखवला, नेटफ्लिक्सने २ कोटी डॉलरला घेतला म्हणतात. लेखन-दिग्दर्शन क्लोई डोमॉन्टचं. तिचा पहिलाच मोठा सिनेमा.

नेटवर सगळे एकच म्हणतात: पुरुषी अहंकार. होणाऱ्या बायकोचं पुढे जाणं त्याला सोसवत नाही. बरोबरच आहे. पण मला वाटतं खरी भानगड आदल्या रात्रीची आहे. 'बाजारात तुरी अन् भट भटणीला मारी' ही म्हण आपल्याला शाळेपासून ठाऊक. इथे मारामारी नाही, उलट तुरी बाजारातच असताना दोघं वरण जेवून मोकळे झाले. ती खुर्ची एक रात्र ल्यूकची होती. एमिलीनेच त्याला बसवलं होतं तिच्यावर. नुसती हुकली असती तर तो कुरकुरला असता आणि विसरला असता. ती त्याच्याकडून 'काढून' घेतली गेली, तीही ज्या तोंडाने दिली त्याच तोंडाने.

हे मला कसं कळलं? तर मी तो ल्यूक आहे. न्यूयॉर्कचा नाही, भुसावळचा.

आम्ही दोघं एकाच बँकेत क्लार्क. लग्न २०११ चं. मी सावद्याला, ही भुसावळला. २०१८ साली क्लार्कमधून ऑफिसर व्हायची परीक्षा निघाली. आमच्यात बरेच जण ती देतच नाहीत, बदली होते म्हणून. मी द्यायची ठरवली. ही म्हणाली, तुम्ही एकटे कशाला, मी पण बसते, तेवढाच जोडीने अभ्यास होईल. खरं सांगतो, ती मला सोबत म्हणून बसली होती. मुलाखत झाली आणि वरच्या एका साहेबाने आमच्या मॅनेजरला म्हणे सांगितलं, 'तुमच्या माणसाचं झालं समजा.' मॅनेजरने मला सांगितलं, मी हिला सांगितलं, हिने आख्ख्या गल्लीला सांगितलं. आईने पेढे आणवले. निकालाच्या आदल्या दिवशी! अर्धा किलो घरात, अर्धा किलो शेजारी.

निकालाची पीडीएफ आली तेव्हा मी शाखेत होतो. माझं नाव शोधलं. नाही. रोल नंबर टाकून शोधलं. नाही. हिचं नाव शोधायचं माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही. अर्ध्या तासाने हिच्या शाखेतल्या शिपायाचा मला फोन, 'साहेब, पेढे!' मला वाटलं काहीतरी चूक दुरुस्त झाली. मग कळलं पेढे कशाचे.

संध्याकाळी घरी आलो. ती दारातच उभी होती, तोंड असं की जणू माझी फुलदाणी फोडली हिने. मी म्हणालो, 'अरे वा! अभिनंदन!' आणि हसलो.

रविवारी सिनेमात ल्यूक हसला, तिथे हिने रिमोट घेऊन थांबवलं. म्हणाली, 'असंच हसला होता तुम्ही.' बाकी काही नाही. उठून दूध तापवायला गेली. म्हणून बुधवार.

---

केळीवाला_रावेर | शनिवार, रात्री ११:३८

पहिला मी! भाऊ, लिहीत जा. सहा वर्षं काय केलं?

हेज फंड, अॅनालिस्ट वगैरे ज्यांच्या डोक्यावरून गेलं त्यांच्यासाठी आपल्या भाषेत. अॅनालिस्ट म्हणजे व्यापाऱ्याचा तो माणूस जो बागेत फिरतो, घड पाहतो, कटनी कधी येईल, माल किती निघेल ते येऊन सांगतो. पोर्टफोलिओ मॅनेजर म्हणजे सौदा करणारा. पैसा दोघांचाही नाही, तो तिसऱ्याच श्रीमंताचा. पण बऱ्हाणपूरच्या बाजारात केळीचा भाव पडला की शिव्या सौदा करणाऱ्याला, आणि चढला तर टक्केवारीही त्यालाच. ल्यूक बागा फिरणाराच राहिला, एमिली सौदे करायला लागली. आणि मग हा पठ्ठ्या आकसापोटी म्हणा, हुशारी दाखवायला म्हणा, तिच्या मागे लागून एक सौदा करायला लावतो आणि तो सपशेल आपटतो. तेव्हा तिच्यापेक्षा याचा चेहरा पाहा. वाईट वाटल्याचं तोंड करतोय, पण पूर्ण वाईट वाटत नाहीये.

---

आखाजीचा_झोका | रविवार, सकाळी ७:५२

धागा प्रामाणिक आहे, म्हणून भांडायला आले आहे.

'आदल्या रात्रीची भानगड' हे फार सोयीचं झालं, दादा. म्हणजे चूक कोणाची? कुजबुज घरी आणणाऱ्या एमिलीची. गल्लीला सांगणाऱ्या वहिनींची. पेढे आणणाऱ्या आईंची. तीन बायका! आणि जो खरा खोटं बोलला तो वरचा साहेब आणि ते शहानिशा न करता पुढे पोचवणारा मॅनेजर, दोघं पुरुष, ते तुमच्या हिशेबात 'म्हणे' या एका शब्दात उरकले.

शिवाय तुम्ही सिनेमाचा शेवट गाळलात. (ज्यांना पाहायचाय त्यांनी पुढचा परिच्छेद सोडा.)

साखरपुड्याच्या पार्टीत, न्हाणीघरात, तो तिच्यावर जबरदस्ती करतो. आधी तिचीही संमती असते, मग ती थांब म्हणते, तो थांबत नाही. हा 'दुखावला गेलेला माणूस' नाही. दिग्दर्शिकेने सुरुवातीलाच एका लग्नात, न्हाणीघरातच, दोघांच्या कपड्यांना रक्ताचा डाग लावलाय, पाळीचा, आणि त्यावर दोघं पोट धरून हसतात. तिथेच तो तिला मागणी घालतो. शेवटीही रक्त आहे, पण तिच्या हातात सुरी आहे आणि फरशी त्याला पुसायला लावते. पहिल्या रक्ताला हसणारे हेच दोघं. ही जोडणी कुणाच्या लक्षात आली का माहीत नाही. मला त्या रात्री झोप लागली नाही.

तुमची कथा ल्यूकची नाही असं तुम्ही सिद्ध करा, मग मी भांडण मागे घेते.

---

हतनूर_गेट | रविवार, सकाळी ९:०५

झोका ताई, साहेबाचा मुद्दा मान्य. मला खरंच सुचला नव्हता. त्या साहेबावर मी कधी रागावलोच नाही, हे आत्ता लिहिताना कळतंय.

शेवट गाळला कारण त्याच्याबद्दल लिहायला माझ्याकडे शब्द नव्हते. आमच्या घरात तसलं काही झालं नाही. पण 'तसलं झालं नाही' म्हणजे काहीच झालं नाही असंही नाही.

तिची पोस्टिंग नवापूरला झाली. भुसावळहून सुरत लाइन: जळगाव, अमळनेर, दोंडाईचा, नंदुरबार, मग नवापूर. सोमवारी पहाटे जायची, शनिवारी रात्री यायची. मुलगी तेव्हा पहिलीत. मी आणि आई घरी. पहिल्या महिन्यात मी जेवताना आईला म्हणालो, बायकांना हल्ली बँक जरा हात सैल सोडून मार्क देते. मुलगी ताट घेऊन बसली होती समोर. तिने शनिवारी जशाच्या तशा शब्दांत आईला सांगितलं. पोरं ती पोरं.

मेव्हणा 'मॅडमचे मिस्टर' म्हणून हाक मारायचा. मी सगळ्यांत आधी आणि सगळ्यांत मोठ्याने हसायचो.

---

पांझराकाठ | रविवार, सकाळी ९:४०

वाचीसन डोयामा पानी उनं ना भो. तुले जमनं नही, तिले जमनं, मंग व्हयनं काय? एवढीच गोट. पन मानूसले हाई समजाले दहा वरीस लागतस.

(धुळ्याकडची अहिरानी आहे, समजली नसेल त्यांनी शेजारच्या खान्देशी माणसाला विचारावं. प्रत्येक ऑफिसात एक असतोच.)

---

जुनी_तबकडी | रविवार, दुपारी १२:२०

एवढी चर्चा आणि 'अभिमान'चं नाव कोणी घेतलं नाही? १९७३. हृषीकेश मुखर्जी, सचिनदेव बर्मन. नवरा गाजलेला गायक, तोच बायकोला गायला लावतो, आणि लोक तिला जास्त डोक्यावर घेतात. गंमत म्हणजे अमिताभ-जयाचं लग्न त्याच वर्षी जूनमध्ये झालं आणि पुढच्या महिन्यात हा सिनेमा आला.

फरक बघा. 'अभिमान'मध्ये चूक नवऱ्याची, पण किंमत बायको मोजते. मूल जातं, ती दगडासारखी होते, आणि मग त्याला उपरती. शेवटी दोघं मंचावर एकत्र गातात आणि सगळं थेटर नाक ओढतं. मी स्वतः जळगावच्या थेटरात तीनदा ओढलंय. पण आज वाटतं, त्या गाण्यानंतर घरी गेल्यावर काय झालं असेल? ती पुन्हा एकटीने गायली का? सिनेमा तिथे पडदा पाडतो.

'फेअर प्ले' मला अर्धा आवडला. शेवटची वीस मिनिटं आरडाओरडा जास्त. त्याने मीटिंगमध्ये घुसून केलेला तमाशा तर अगदीच. एवढ्या वरच्या कंपनीत रखवालदार नसतात का?

---

केळीवाला_रावेर | रविवार, दुपारी १२:३१

काका, असतात, पण रखवालदारालाही ड्रामा बघायचा असतो.

---

अमळनेरचा_काळा_कोट | रविवार, दुपारी ३:१५

झोका यांच्या मुद्द्याला कायद्याची पुरवणी. सिनेमातले दोघं नवराबायको नाहीत, वाग्दत्त आहेत. आपल्याकडे घडलं असतं तर ते सरळ बलात्काराच्या कलमात बसलं असतं: १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम ६३, त्याआधी भारतीय दंड विधानाचं ३७५. संमती मधेच काढून घेता येते. मात्र त्यांचं लग्न झालेलं असतं, तर नवऱ्यासाठी जो अपवाद जुन्या कायद्यात होता तो नव्यातही तसाच ठेवला आहे. म्हणजे एका मंगळसूत्राने तोच प्रसंग बलात्काराच्या कलमाबाहेर जातो. माझं मत विचाराल तर हा अपवाद जायला हवा. पण मत आणि कायदा वेगळे.

दुसरं: एकाच कंपनीतल्या दोघांनी प्रेम करू नये असा आपल्याकडे कुठलाही कायदा नाही, तो कंपनीचा नियम. २०१३ चा कायदा आहे तो कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाचा. दहा किंवा जास्त माणसं जिथे कामाला आहेत तिथे अंतर्गत समिती हवीच, आणि तक्रार साधारण तीन महिन्यांत. सिनेमात एमिली काय करते? नोकरी वाचवायला साहेबाला सांगते की ल्यूक माझा पाठलाग करत होता. धडधडीत खोटं. तिच्यावर खरा अत्याचार झालाय त्याबद्दल मात्र चकार शब्द नाही, कारण तो सांगून नोकरी वाचत नाही. माझ्या लेखी सिनेमातली सगळ्यांत काळी जागा ती.

---

दोंडाईचा_पॅसेंजर | रविवार, रात्री १०:०२

मी एरवी इथे फक्त पाककृती वाचते. पण आज लिहिते.

मी सरकारी कार्यालयात आहे, नवरा त्याच खात्यात दुसऱ्या तालुक्याला. २०१३ साली खात्याची परीक्षा होती. त्याने दोनदा दिली होती, दोन्हीदा थोडक्यात राहिला. त्या वर्षी मी पात्र झाले. फॉर्म आणला, भरला, फोटो चिकटवला आणि कपाटात साड्यांखाली ठेवला. शेवटची तारीख गेली. तो फॉर्म अजून तिथेच आहे, साडीला त्याचा वास लागलाय.

नवऱ्याने मला कधी 'देऊ नको' म्हटलं नाही. 'दे' असंही म्हटलं नाही. विषयच निघाला नाही. आमचं छान चाललंय, सगळे म्हणतात. आणि मी तुमचा धागा वाचताना कोणावर चिडले माहितीये? तुमच्या बायकोवर. तिने दिली म्हणून. आणि पास झाली म्हणून. लिहून टाकलं, आता पुसत नाही.

---

आखाजीचा_झोका | रविवार, रात्री १०:१९

पॅसेंजर ताई, मी काही बोलत नाही. फक्त इथे बसते तुमच्याजवळ.

---

पांझराकाठ | रविवार, रात्री १०:२५

नेटफ्लिक्सवर आहे ना? आईसोबत बघता येईल का?

---

केळीवाला_रावेर | रविवार, रात्री १०:२७

अजिबात नाही. पहिल्या पाच मिनिटांतच आई पाणी प्यायला उठेल आणि परत येणार नाही.

---

अमळनेरचा_काळा_कोट | सोमवार, दुपारी १:४०

धागाकर्ते, तुम्ही वर लिहिलंत की 'काहीच झालं नाही असंही नाही'. मेव्हणा आणि मार्कांचं ते बोलणं एवढंच असेल तर प्रकरण फार किरकोळ आहे. उलटतपासणीची सवय, माफ करा. पण ल्यूक तिला सौदा करायला लावतो आणि ती तोंडघशी पडते, त्याबद्दल तुम्ही अवाक्षर काढलेलं नाही. केळीवाल्यांनी लिहिलं, तुम्ही नाही.

---

हतनूर_गेट | सोमवार, रात्री ११:५५

वकीलसाहेब, पकडलंत.

मार्च २०१९. तिचा नवापूरला पहिला मार्च. पीककर्जाच्या व्याज सवलतीचा क्लेम पाठवायचा होता. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: तेव्हा ३ लाखांपर्यंतच्या पीककर्जाला शेतकऱ्याला व्याज ७ टक्के, वेळेत फेडलं तर आणखी ३ टक्के सूट, म्हणजे पडतं ४ टक्क्यांनी. ही सूट शाखा आधी देते आणि मग वरून मागून घेते. त्यासाठी खात्यांची यादी लागते: उचल कधी, फेड कधी, दिवस किती, रक्कम किती. एका खात्याचे दिवस चुकले की आख्खी यादी परत. सावदा म्हणजे केळीचं गाव, कर्जखाती भरपूर. हे काम मी सात वर्षं केलं होतं. झोपेत करू शकलो असतो.

रात्री साडेनऊला फोन आला. 'अहो, मधेच थोडे पैसे भरले असतील तर दिवस कसे धरायचे?' दोन वाक्यांचं उत्तर होतं. मी टीव्हीचा आवाज कमी केला आणि म्हणालो, 'तुझ्या साहेबांना विचार. आता तू ऑफिसर आहेस, मी काय सांगणार?' ती 'बरं' म्हणाली. मी आवाज पुन्हा वाढवला. मॅच होती.

तिचा क्लेम गेला की अडकला, तिला बोलणी बसली का, मी विचारलं नाही. तिने सांगितलं नाही. यावर सहा-सात वर्षं दोघांच्या तोंडून शब्द नाही. ती आता स्केल टू (ऑफिसरची वरची पायरी) आहे, परत जळगावला आली. मी परीक्षा पुन्हा दिली नाही, सावद्यालाच आहे. बरं चाललंय. खरंच बरं चाललंय, हे वरच्या ताईंसारखं 'सगळे म्हणतात' वालं नाही. भांडतो, हसतो, परवा भरीत करताना वांगं कोणी भाजायचं यावरून दोघांनी मिळून आईला वैताग आणला.

पण ल्यूकने तो सौदा करायला लावला तेव्हा बुधवारी मला घाम फुटला होता, ती शेजारी बसली होती आणि मी तिच्याकडे बघितलं नाही.

तर आज तुमचा प्रतिसाद वाचला आणि जेवणं झाल्यावर तिला सांगितलं. सगळं. की मला येत होतं. की मुद्दाम नाही सांगितलं.

ती भांडी आवरत होती. म्हणाली, 'माहितीये मला.'

मी म्हटलं, कसं?

म्हणाली, 'तुम्ही सांगितलं नाही म्हणून मी दुसऱ्या दिवशी रीजनल ऑफिसला फोन केला, एखाद्या शाखेची नीट केलेली यादी नमुना म्हणून पाठवा म्हटलं. त्यांनी सावद्याची पाठवली. प्रत्येक पानाखाली तुमची सही होती. तीच समोर ठेवून केली मी.'